विमान उतरताना तान्हे बाळ का रडते?

विमान मुक्कामाजवळ आले, वैमानिकाने उतरण्याची सूचना दिली, की दहा-पंधरा मिनिटांत विमानातली तान्ही मुले एकेक करून रडू लागतात. सात-आठ तास शांत झोपलेले मूलही दचकून उठते आणि कशाने गप्प होत नाही. आई त्याला थोपटते, खुळखुळा वाजवते. शेजारच्या प्रवाशांच्या कपाळाला आठ्या पडतात. मूल भुकेले आहे, घाबरले आहे, हट्टी आहे, असे जो तो आपापले अनुमान करतो. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते. मुलाच्या कानाच्या पडद्यावर बाहेरून भार पडत असतो. तो भार किती, हे शाळेत शिकलेल्या हवेच्या दाबाच्या धड्यावरून तुम्ही कागदावर काढू शकता, आणि एकदा तो काढला की मुलाचे रडे टाळण्याची युक्तीही त्यातूनच सापडते.

आज आपल्याकडे तालुक्याच्या गावातील घरांतूनही कोणी ना कोणी परदेशी असते. आजी-आजोबा नातवंडाला पाहायला जातात, आईबाप तान्ह्या मुलाला घेऊन सुटीत घरी येतात. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे आणि त्याला नऊ-दहा तास लागतात. न्यूयॉर्कला कोठेही न थांबता जायचे तर पंधरा-सोळा तास लागतात. एवढा वेळ माणूस ज्या हवेत बसतो ती हवा जमिनीवरच्या हवेसारखी नसते. येथूनच सुरुवात करू.

विमानातला डोंगरमाथा

मोठी प्रवासी विमाने जमिनीपासून १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. ११ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या अवघ्या १७० मिलिमीटरइतका असतो. समुद्रसपाटीला तो ७६० मि.मी. असतो हे तुम्हाला माहीत आहेच. बाहेरचे तपमान शून्याखाली ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा हवेत माणूस मिनिटभरातच शुद्ध हरपेल. म्हणून विमानाची खोळ बंद ठेवून तिच्यात हवा दाबून भरतात.

मग आत सरळ ७६० मि.मी. दाब का ठेवीत नाहीत? तसे केले तर आतल्या व बाहेरच्या दाबांत ५९० मि.मी. फरक पडेल. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे, हे लक्षात घेऊन गणित केले तर विमानाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून बाहेर सुमारे ८ टन भार येतो. एवढा भार सोसणारी भिंत जाड हवी, जाड म्हणजे जड हवी, आणि जड विमानाला इंधन जास्त लागते. शिवाय प्रत्येक उड्डाणात हा भार एकदा चढतो नि एकदा उतरतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसा धातूही या चढउताराने थकतो. जगातले पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ १९५२ साली सेवेत आले आणि १९५४ मध्ये जानेवारीत एक व एप्रिलमध्ये एक अशी त्याची दोन विमाने आकाशात फुटली. तपासासाठी इंग्लंडमधील फार्नबरो येथे एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून व सोडून पाहिले. शेवटी धातूला थकव्याची चीर पडली आणि खोळ फाटली. (टाकीत पाणीच का घेतले असेल, याचा विचार करून पाहा. दाबलेली हवा बाँबप्रमाणे फुटते, पाणी तसे फुटत नाही.)

म्हणून मधला मार्ग काढला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असतो, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ५६७ मि.मी., त्याहून आतला दाब नेहमीच्या उड्डाणात कमी होऊ द्यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. आता आपल्या कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील या सर्वांत उंच शिखरावर चढून तेथून आणखी साडेसातशे मीटर वर जावे, तेव्हा विमानातली हवा मिळेल. २०११ पासून सेवेत असलेले बोइंग ७८७ व २०१५ पासूनचे एअरबस ए-३५० यांची खोळ मुख्यतः कार्बनच्या धाग्यांच्या मिश्र पदार्थाची असते. तो पदार्थ धातूसारखा थकत नाही, म्हणून या विमानांत आतली ‘उंची’ सुमारे १८०० मीटरच ठेवतात. म्हणजे अगदी नव्या विमानातही तुम्ही कळसूबाईच्या वरच असता!

एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशालाच उकळते. विमानातला चहा फिका का लागतो याचे एक कारण हे. प्राणवायूचा आंशिक दाब १६० मि.मी.वरून ११९ मि.मी.पर्यंत उतरतो. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही, फार तर थोडी सुस्ती येते. पण ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे. अगदी नवजात बालकाच्या बाबतीतही तसेच.

एक लिटरचे १३४० घन सेंटिमीटर

बॉइलचा नियम काय सांगतो? तपमान स्थिर असेल तर वायूचा दाब व आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो. ७६० ला ५६७ ने भागा. उत्तर १.३४ येईल. म्हणजे जमिनीवर १००० घन सेंटिमीटर जागा व्यापणारी हवा विमानात १३४० घ.सें. जागा मागते. वेफर्सची पिशवी टम्म फुगते ती यामुळेच. शाईचे पेन खिशात गळते तेही यामुळेच. पेन टाक वर करून ठेवले तर हवा निघून जाते आणि शाई आत राहते. बाळाची दुधाची बाटली घरून घट्ट बंद करून आणली व विमानात उघडली, तर दुधाची चिळकांडी उडते. झाकण आधी किंचित सैल करावे, मग बाटली उघडावी.

आपल्या आतड्यांतही थोडाफार वायू असतोच. तोही एक तृतीयांशाने फुगतो. पोट ताणल्यासारखे वाटते, कपडे घट्ट होतात. निघण्यापूर्वी वालाची उसळ, भजी आणि वर सोडावॉटर असा बेत करू नये, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तान्ह्या मुलाला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढतात, ती आजीची रीत विमानात दुप्पट काटेकोरपणे पाळावी.

कानातली बंद खोली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कानाच्या पडद्याच्या आत मध्यकर्ण नावाची लहानशी पोकळी आहे आणि तिच्यात हवा आहे. या खोलीला दार एकच. तेथून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक नळी जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टेशियस याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात, हवा आत-बाहेर होते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. कानात ‘टक्’ असा आवाज होतो तो हाच.

विमान चढताना आतली हवा फुगते आणि मिटलेल्या नळीतून स्वतःच वाट काढून बाहेर पडते. त्यामुळे चढताना कान फारसे दुखत नाहीत. उतरताना उलट घडते. बाहेरचा दाब वाढत जातो, आतली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नळीचे घशाकडचे टोक मऊ आहे; वाढता दाब त्याला उघडण्याऐवजी अधिकच मिटवतो. ओल्या कागदी नळीने जोरात चोखले तर ती चपटी होते ना, तसेच हे आहे. आता स्नायूंनी नळी उघडली तरच हवा आत जाणार. दोन्हीकडच्या दाबांत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मि.मी.चा फरक पडला, की टाळूच्या स्नायूंचे बळ अपुरे पडते. नळी जणू कुलूपबंद होते. मग कितीही गिळले तरी ती उघडत नाही.

९० मि.मी. पारा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२२ ग्रॅम. कानाचा पडदा अर्धा चौरस सेंटिमीटर धरला तर त्यावर ६१ ग्रॅम भार येतो. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते! लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की नवजात बालकाचा पडदाही जवळजवळ मोठ्या माणसाच्या पडद्याएवढाच असतो. म्हणजे भार दोघांवर सारखाच पडतो. नळी मात्र सारखी नसते. प्रौढाची नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब व तिरपी उतरती असते. बालकाची नळी त्याच्या निम्मी, जवळजवळ आडवी आणि अधिक मऊ असते, आणि तिला उघडणारे स्नायूही तितके कार्यक्षम नसतात. शिवाय मोठा माणूस जांभई देऊ शकतो, गोळी चघळू शकतो. आपल्या कानात काय चालले आहे आणि त्यावर काय करावे, हे बाळाला कोण सांगणार?

झोप आणि घड्याळ

थोडे गणित पुढे चालवू. विमान उतरताना आतला दाब ५६७ वरून ७६० मि.मी. होतो, म्हणजे १९३ मि.मी. वाढतो. याला साधारण पंचवीस मिनिटे लागतात असे धरा. दर मिनिटाला पावणेआठ मि.मी. झाले. जागेपणी आपण नकळत वरचेवर आवंढा गिळतो, त्यामुळे फरक साठत नाही. झोपेत गिळणे फार कमी होते. झोपलेल्या मुलाने दहा-बारा मिनिटे गिळलेच नाही, तर फरक ८०-९० मि.मी.वर पोचतो आणि नळी कुलूपबंद होते. मूल किंचाळत उठते ते या वेळी. आता त्याच्या तोंडात बाटली दिली तरी उशीर झालेला असतो.

यावरून एक नियम निघतो, आणि माझ्या मते लहान मुलांच्या विमानप्रवासाविषयी सांगावा असा सर्वांत महत्त्वाचा नियम हाच: विमान उतरू लागताच मुलाला जागे करा. गाढ झोपलेल्या बाळाला उठवायचे आईच्या जिवावर येते. पण ही पंचवीस मिनिटे जागेपणाची आहेत. उतरण्याची सूचना होताच अंगावर पाजावे किंवा बाटलीने दूध अथवा पाणी द्यावे. मूल जेवढे चोखील, गिळील, तेवढ्या वेळा दार उघडेल.

येथे एक बारकावा आहे. वातावरण खालच्या थरांत दाट असते. २४०० मीटरवरून १२०० मीटरवर येताना दाब ९१ मि.मी. वाढतो. राहिलेल्या १२०० मीटरमध्ये तो १०२ मि.मी. वाढतो. म्हणजे शेवटचा टप्पा अधिक अवघड. सूचना होताच सगळे दूध घटाघट पाजून टाकले, तर नेमके शेवटच्या दहा मिनिटांत बाळ तृप्त होऊन झोपी जाते! तेव्हा थोडे पाजावे, थांबावे, पुन्हा पाजावे. दूध संपले तर चोखणी द्यावी. आणि एवढे करूनही मूल रडलेच, तर शेजाऱ्यांनी आठ्या घालू नयेत. रडताना मूल मध्येमध्ये हुंदके गिळते, त्यानेही नळी उघडण्यास मदत होते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला नळीने पाणी प्यायला द्यावे. लिमलेटची कडक गोळी, शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. विमानाला हिसका बसला तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तुमच्या वयाच्या मुलांना च्युइंगम चालेल. नाक चिमटीत धरून आवंढा गिळण्याची युक्तीही करता येते. दुसरी युक्ती म्हणजे नाक धरून, तोंड मिटून हळूच हवा कानाकडे ढकलणे. इटालियन वैद्य व्हालसाल्व्हा याने १७०४ मध्ये तिचे वर्णन केले होते. ‘हळूच’ हा शब्द विसरू नका. जोर केला तर कानाला इजा होते.

सर्दी झाली असेल तर नळीचे अस्तर सुजलेले असते आणि वरचे सारे उपाय लंगडे पडतात. सर्दीने बेजार झालेल्या किंवा कान फुटलेल्या मुलाला निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे, आणि शक्य असेल तर प्रवास चार दिवस पुढे ढकलावा. मुलाने झोपून जावे म्हणून काही जण त्याला सर्दीचे गुंगी आणणारे औषध देतात. डॉक्टरांना न विचारता असे कधीही करू नये. औषधाचा धोका आहेच. शिवाय गुंगीतले मूल गिळत नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

विदर्भातली दुपार

बाहेरच्या अतिथंड हवेत बाष्प जवळजवळ नसते. ती आत घेऊन २२-२४ अंशांपर्यंत गरम केली, की तिची सापेक्ष आर्द्रता नगण्य होते. विमानात जी काही १०-२० टक्के आर्द्रता असते, ती बव्हंशी प्रवाशांच्याच श्वासातून व त्वचेतून आलेली असते. मे महिन्यात विदर्भातल्या दुपारी हवा अशीच कोरडी असते. नाक सुकते, डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात. डोळ्यांत भिंगे घालणाऱ्यांनी ती काढून चष्मा लावावा. ‘विमानात शरीर सुकते, लिटर-लिटर पाणी प्या’ असा सल्ला सर्रास देतात, तो मला अतिशयोक्त वाटतो. कोरडेपणा मुख्यतः नाकाघशाच्या अस्तराला जाणवतो. शरीरातले एकूण पाणी त्यामुळे थोडेच घटते. नेहमीसारखे, थोड्या थोड्या वेळाने पाणी घेतले की झाले. बाळाला मात्र नेहमीपेक्षा एखादे वेळी जास्त पाजावे.

पोटरीचा पंप

आजींच्या बाबतीत खरी काळजी पायांची असते. खुर्चीत बसले असता हृदय पावलांच्या सुमारे ८० सेंटिमीटर वर असते. तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या ६२ मि.मी.इतका होतो. हे रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते आवळले की नीला दाबल्या जातात, रक्त वर सरकते, आणि नीलांतील झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. बसून राहिले की हा पंप बंद. मग रक्तातला पाण्याचा अंश आजूबाजूला झिरपतो, पाय सुजतात, चपला बसेनाशा होतात. ही सूज सहसा एक-दोन दिवसांत उतरते. पण क्वचित साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो.

हा दोष उडण्याचा नसून बसून राहण्याचा आहे, हे फार पूर्वी दिसून आले होते. १९४० साली लंडनवर बाँबहल्ले होत असताना लोक तळघरांतील आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर रात्रीच्या रात्री बसून काढीत. फुप्फुसात गुठळी अडकून काही जण दगावले, आणि न्यायवैद्यक कीथ सिम्पसन याने त्याचा संबंध या बसण्याशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही चार तासांहून लांबचा प्रवास गुठळीचा संभव सुमारे दुपटीने वाढवतो असे आढळले, मग तो विमानाचा असो, बसचा असो की मोटारीचा. निरोगी माणसात तो संभव तरीही लहानच आहे, सुमारे सहा हजारांत एक.

उपाय सोपा आहे. दर तासाला टाचा वीस-तीस वेळा उचलाव्यात, आणि मधूनमधून उठून चालावे. पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायका संकोचाने उठतच नाहीत. शेजारच्या अनोळखी माणसाला कसे उठवायचे, म्हणून त्या पाणीही पीत नाहीत. तेव्हा आजीला खिडकीची जागा देण्यापेक्षा जाण्यायेण्याच्या वाटेकडची जागा द्यावी. खिडकीतून रात्री तरी काय दिसणार! ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी व गरोदर स्त्रियांनी पायांना घट्ट बसणाऱ्या मोज्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

करून पाहा

विमानात न बसताही कानातल्या हवेचे काय होते ते मोजता येते. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, नेरळ जवळजवळ सपाटीवर. एक लिटरची कोरडी काचेची बाटली घ्या. माथेरानला ती सावलीत अर्धा तास उघडी ठेवा, मग रबरी बुचाने घट्ट बंद करा. दोन्ही ठिकाणी तपमान नोंदवा. नेरळला पोचल्यावर बाटली पुन्हा अर्धा तास सावलीत ठेवा, नंतर बादलीतल्या पाण्यात उपडी धरून पाण्याखालीच बूच काढा. पाणी आत शिरेल. बाटलीतल्या व बादलीतल्या पाण्याची पातळी एक करा, बूच लावा, बाटली बाहेर काढून आतले पाणी मोजपात्राने मोजा.

माथेरानला दाब सुमारे ६९१ मि.मी. व नेरळला ७५६ मि.मी. धरला, तर बॉइलच्या नियमाने सुमारे ८६ घ.सें. पाणी आत यायला हवे. प्रत्यक्षात ते कमी भरेल, कारण नेरळची हवा गरम असते. माथेरानला २४ अंश व नेरळला ३० अंश असतील तर चार्ल्सच्या नियमाची दुरुस्ती करून उत्तर ६७ घ.सें.च्या जवळ येते. तपमान केल्व्हिनमध्ये घ्यायला विसरू नका. आंबोली व सावंतवाडी, किंवा महाबळेश्वर व वाई अशा जोड्यांवरही हा प्रयोग होईल. घाट उतरताना आणखी एक नोंद ठेवा. आपल्या कानात ‘टक्’ असा आवाज किती वेळा व कोठे कोठे झाला, आणि त्या वेळी शेजारी झोपलेले लहान भावंड काय करीत होते.